नातवंडाचे तंबू

माझा राग आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या आईनेच सासूबाईंना सांगून टाकलं होतं, की क्रांती हुशार आहे पण दुधासारखी आहे, कधी उतू जाईल सांगता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "येऊ द्या की. आमच्यात समदी थंडच हायत." त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी उचगावात आहे आणि सहा वर्षं उतू जाते आहे. पण ज्या संध्याकाळी मी मामांवर ओरडले, तो राग वेगळा होता. तो करायला हवा होता की नको होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, आकाराम. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. गावात मामांची ओळख म्हणजे फवारणी. पाठीवर जुना हातपंप, उजव्या हातात नळी, डाव्या हातात दांडा. आता बॅटरीचे पंप आलेत, कुणीकुणी ड्रोन भाड्याने आणतात, पण मामा हातपंप सोडायला तयार नाहीत. "बॅटरीला काय कळतंय कुठं थांबायचं?" असं त्यांचं म्हणणं. आकारामच्या हाताखालून किडा जिवंत सुटत नाही, असं लोक म्हणत, आणि नाजूक पिकाला औषध मारायचं असलं की घरी निरोप यायचा.

ते दांड्याचा प्रत्येक हात मोजून मारायचे. तेही मोठ्याने. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मामा औषधाचे हातही तसेच मोजायचे. लाभ, दोन, तीन, चार. आवाज असा, की हायवेवरच्या ट्रकवाल्यालाही कळावं आकाराम कितव्या हातावर आहे.

मी कीटकशास्त्रात पीएचडी करते. विषय सांगितला की लोक जांभई देतात, म्हणून थोडक्यात सांगते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे. तो वाढला की भात जोमाने वाढतो, दाट होतो, बघणारा खूश होतो. पण भाताच्या बुडाशी बसून रस पिणारे तपकिरी तुडतुडे असतात, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्या हवेत त्यांचं काय होतं? आणि आज ज्या औषधाने ते मरतात, त्याच औषधाच्या तेवढ्याच मापाने ते तेव्हाही मरतील का? दुसरीकडे झालेल्या काही प्रयोगांत मरत नाहीत असं दिसलं होतं, काहींत उलटंही दिसलं होतं. आपल्या मातीत आणि आपल्या भातात काय होतं, ते मला बघायचं होतं.

त्यासाठी आमच्याच रानात आठ तंबू उभे केले. तंबू म्हणजे लोखंडी कड्यांवर ताणलेलं पारदर्शक प्लास्टिक, वर बारीक जाळी आणि आत भाताचं लहानसं खाचर. चार तंबूंत नेहमीची हवा. उरलेल्या चारांत नळीने कार्बन डायऑक्साइड सोडायचा, इतका की आतली हवा आणखी तीस-पस्तीस वर्षांनी जशी असेल तशी व्हावी. मग आठही तंबूंत सारखे तुडतुडे सोडायचे, सारखं औषध मारायचं आणि किती उरतात ते मोजायचं.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीस-पस्तीस वर्सानं म्हंजे आमी न्हाय."

"मामा, असं काय बोलताय?"

"न्हाय ते न्हाय. तू म्हातारी झालेली."

"साठी ओलांडलेली असेन."

मग त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मला चौथा महिना होता. विचारायचं होतं, पण सुनेला कसं विचारणार, म्हणून त्यांनी हवेतच हात फिरवला. "आनि ह्ये?"

"हे तेव्हा माझ्या आत्ताच्या वयाचं असेल."

"मग ह्ये चार नातवंडाचं तंबू," मामा म्हणाले, आणि ते नाव पडलं ते पडलंच. मी पाट्यांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे लिहिले होते. त्या पाट्या घरात कुणी एकदाही वाचल्या नाहीत. साधे तंबू आणि नातवंडाचे तंबू, एवढंच.

गॅसच्या टाक्या लालासाबचाचांच्या ओळखीने मिळाल्या. आमच्या बांधाला लागून त्यांचा सोड्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक जुनं यंत्र आणि गोटी सोड्याच्या बाटल्यांचे खोके. मामा आणि ते एका वर्गात होते आणि दोघं एकाच दिवशी शाळेतून पळाले होते. पहिली टाकी उतरवताना चाचा मला म्हणाले, "पोरी, ह्योच गॅस मी बाटलीत भरतो, तर लोकं पिऊन ढेकर देत्यात. तू भाताला पाजतीस. भात ढेकर देतंय का बघून सांग मला."

फवारणी मी स्वतः करणार होते. मामांनी ते एका वाक्यात मोडून काढलं. पोटुशी बाई औषधाच्या वाऱ्याला उभी राहणार नाही. आत्यांनी त्यावर दुसरं वाक्य घातलं, की राहिलीच तर त्या स्वतः येऊन हाताला धरून नेतील. मग ठरलं, फवारणी मामा करणार. प्रत्येक तंबूत बारा हात, आठही तंबूंत बारा, कमी नाही की जास्त नाही. मी त्यांना हे चार वेळा सांगितलं आणि चौथ्या वेळेला ते रागावले. "मला शिकवतीस? तुज्या नवऱ्याच्या जन्माआधीपास्नं दांडा मारतोय."

इथे माझी चूक झाली, ती मी आधीच कबूल करते. काय करायचं ते मी मामांना चार वेळा सांगितलं. का करायचं ते एकदाही सांगितलं नाही. कॉलेजातल्या पोरांना मी तोच धडा तासभर उगाळते, आणि घरच्या माणसाला सगळं कळलंच असेल असं धरून चालले.

फवारणीच्या दिवशी मी दोनशे पावलांवर चाचांच्या शेडमध्ये, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसायचे. चाचा सोड्याची बाटली फोडून हातात द्यायचे आणि रानातून मामांचा आवाज यायचा. लाभ, दोन, तीन. बारा झाले की थांबायचा. पुन्हा लाभ. असं आठ वेळा. मी बोटांवर मोजायचे आणि निश्चिंत व्हायचे.

तिसऱ्या दिवशी मोजणी. भाताच्या चुडाला, म्हणजे एका जागच्या रोपांच्या झुबक्याला, बुडाशी चापट मारली की तुडतुडे खालच्या पाण्यावर पडतात, ते मोजायचे. मी वाकून मोजायचे, आत्या वही धरायच्या. फवारणीआधीच्या मोजणीत नातवंडाच्या तंबूंत तुडतुडे दीडपट असायचे. फवारणीनंतर मात्र साध्या तंबूत नऊ, तर नातवंडाच्या तंबूतही नऊ. साध्या तंबूत अकरा, तिकडे दहा. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्या फवारणीनंतरही तेच. दाट भात, जास्त किडे, तेच औषध, आणि उरणारे सारखे. मला ते पटत नव्हतं, पण न पटायला हातात काही कारणही नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम कडक आहेत. त्यांनी तक्ते पाहिले आणि म्हणाल्या, "फरक पडत नाही, हाही निष्कर्षच असतो. लिहून काढ. बाळंतपणाआधी प्रबंध देऊन टाक, नंतर तुला पेन धरायला वेळ मिळणार नाही."

नोव्हेंबरमधली ती संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात चौरंगावर लॅपटॉप ठेवून ते एक वाक्य लिहायला बसले होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने औषधाच्या परिणामात फरक पडत नाही. सात वेळा लिहिलं, सात वेळा खोडलं. आठवा महिना, पाठ दुखत होती आणि डोळ्यांना धार लागली होती. मामा वैरणीचा भारा टाकून आत आले.

"काय झालं गं?"

"काय व्हायचंय? सगळं सारखंच आलंय मामा. आठही तंबू. तीन वर्षं घासतेय आणि हातात काय, तर सगळं सारखं."

मामांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिला. "आठी सारखं? येक बी तंबू मागं न्हाय?"

"नाही."

"मग रडतीस कशाला येडे? सारखं यावं म्हणून तर मी सांजचं जात हुतो."

आत्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुठे जात होता?" मी विचारलं.

"तंबूत. सकाळी बारा हात मारून झालं की पंपात औषध उरायचं. वैरणीला जाताना घिऊन जायचो. साद्या तंबूत बघितलं की साफ. पर नातवंडाच्या तंबूत चुडाला चापट मारली की पाण्यावर ही गर्दी! बारा हात पुरतच नव्हतं. मग मारलं आनि थोडं. साद्या तंबूएवढं झालं की थांबायचो. त्याच्यावर येक हात जास्त न्हाय, तुजी शपत."

"मी बारा सांगितले होते."

"सांगितलं हुतंस. पर तण जास्त हाय तितं खुरपं जास्त चालवायचं, ह्यात काय चुकलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही, लाज वाटते. तुम्हाला कुणी शहाणपणा करायला सांगितला होता, हे एक बोलले. माझी तीन वर्षं तुम्ही मातीत घातलीत, हे दुसरं. सासऱ्यांसमोर आवाज चढवायची पद्धत आमच्या घरात नाही, आणि मी तो शेजारच्या दोन घरांत ऐकू जाईल इतका चढवला.

मामा दारात उभे होते. खांद्यावर वैरणीची पातं चिकटलेली. ते हळूच म्हणाले, "नातवंडाच्या तंबूत किडा तसाच ठिवून घरी येऊ? घास गेला आसता का माझ्या नरड्याखाली?" आणि गोठ्याकडे निघून गेले.

थापलेली भाकरी तव्यावर पडली. मग आत्या म्हणाल्या, "म्हातारं येडं हाय, पर वंगाळ न्हाय." आणि आणखी एक भाकरी उलटून, माझ्याकडे न बघता, "म्याडम बी म्हणत्यात लिव्ह, तर लिव्ह की. कुनाला कळतंय? घरातली गोष्ट घरात."

खोटं कशाला सांगू, मी तो विचार केला. चांगला जेवण होईपर्यंत केला. प्रबंध तयार होता. मुदत संपत आली होती आणि वाढवून मागितली तर ती एकदाच मिळते. बाळ येणार होतं. गप्प बसले असते तर डिसेंबरमध्ये मोकळी झाले असते. पण पुढे कुणीतरी ते वाक्य वाचणार होतं आणि चला, काळजी नाही म्हणून पुस्तक मिटणार होतं. आणि मला तर आता ठाऊक होतं, की बारा हात पुरत नव्हते.

हात धुऊन मी गोठ्यात गेले. मामा म्हशीला खरारा करत होते, पाठ माझ्याकडे.

"किती हात?" मी विचारलं.

"काय?"

"जास्तीचे. किती मारलेत?"

ते थांबले, पण वळले नाहीत. "पयल्या टायमाला तीन. दुसऱ्याला पाच. तिसऱ्याला सात. चारी तंबूत तेवढंच."

मी गव्हाणीच्या कडेवर बसले. तीन, पाच, सात. दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त. तीन वर्षं मी जे मीटर लावून आणि तक्ते आखून शोधत होते, ते ह्या माणसाच्या डाव्या खांद्याला तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. आणि ते मला कुठेही लिहिता येणार नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "मला किडे मारायचे नव्हते हो. किती मरत नाहीत ते बघायचं होतं. उद्याच्या हवेत आजचं औषध पुरतं का, एवढंच."

ते वळले. खरारा हातातच. त्यांच्या तोंडावर एकेक गोष्ट जागेवर बसताना मला दिसली. "म्हंजे जी उरत्यात, त्ये तुजं उत्तर."

"हो."

"आनि मी तुजं उत्तरच मारून टाकलं."

मला पुन्हा रडू फुटलं, पण त्या रडण्यात राग नव्हता. मामांनी खराऱ्याचा हात धोतराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदाच. "उंद्या म्याडमकडं मी बी येतो," ते म्हणाले. "चूक माझी हाय, मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी मामांनी लग्नकार्यातला पांढरा शर्ट घातला, टोपी घातली आणि केएमटीच्या बसमध्ये माझ्यासाठी जागा धरून स्वतः कॉलेजपर्यंत उभे राहिले. मॅडमसमोर खुर्ची असून बसले नाहीत. काय केलं, कसं केलं, सगळं सांगितलं. मध्ये एकदाही माझं नाव घेतलं नाही.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा हंगाम गेला," त्या मला म्हणाल्या. "ह्यातला एक आकडाही प्रबंधात येणार नाही. मुदतवाढ मी मागते, पण ती शेवटची. पुढच्या वर्षी बिघडलं तर मी काही करू शकणार नाही, कळलं?"

"कळलं."

"तीन, पाच, सात म्हणालात ना?" त्यांनी मामांना विचारलं. मामांनी मान हलवली. मॅडमनी चिठ्ठीवर ते तीन आकडे लिहिले आणि चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी फवारणीला दुसरा माणूस घे."

मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. त्यांची मान इतकी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती. आणि मी उतू गेले.

"दुसरा कोण मॅडम? आठ तंबू, चार कमी आणि चार जास्त किड्यांचे, त्यांनी नुसत्या हाताच्या अंदाजाने सारखे करून दाखवलेत. तुमच्या माझ्या मोजणीत एक-दोनाचा फरक येतो, त्यांच्या हातातही त्याहून जास्त येत नाही. ह्या माणसाने चूकसुद्धा मोजून केली आहे. मला दुसरा माणूस नको."

ह्या माझ्या मार्गदर्शक आहेत, आवाज सांभाळायला हवा, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. मॅडम मात्र हसल्या. त्या हसतात हे कॉलेजात फारसं कुणाला माहीत नाही. "मग त्यांना न मारायला शिकव," त्या म्हणाल्या. "ते अवघड जाईल."

डिसेंबरमध्ये मुलगी झाली. ऋतुराजने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुस्तक आणून छानसं नाव शोधलं. मामा तिला पहिल्या दिवसापासून चिमणाबाई म्हणतात आणि ती त्याच नावाला वळून बघते.

पावसाळ्यात पुन्हा आठ तंबू, पुन्हा रोपं, पुन्हा तुडतुडे. ऑगस्टमध्ये पहिली फवारणी झाली. चाचांच्या शेडमध्ये चिमणाबाईला मांडीवर घेऊन मी ऐकत होते. लाभ, दोन, तीन. बारा. थांबले. मामा पंप घेऊन बाहेर आले, माझ्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी मोजलं. साध्या तंबूंत दहाच्या आसपास. नातवंडाच्या तंबूंत बावीस, पंचवीस, एकवीस, चोवीस. मामांनी आकडे ऐकले आणि जेवताना एक भाकरी कमी खाल्ली.

दुसऱ्या फवारणीनंतर त्या चार तंबूंतला भात पिवळा पडायला लागला. तुडतुडे रस ओढतात तिथे भात गोल-गोल ठिपक्यांनी करपतो, जागोजाग भाजल्यासारखा. प्लास्टिक पारदर्शक, रस्ता बांधाला लागून, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसायचं. आकारामच्या रानात, आकारामच्या हाताखाली करपलेला भात. गावात चर्चा सुरू झाली. दरवर्षी मामांनाच बोलावणाऱ्या दोघांनी त्या आठवड्यात कृष्णातला बोलावलं. कृष्णात आमच्या पलीकडच्या गल्लीतला, बॅटरीच्या पंपावर फवारणी करतो. मला कळलं तेव्हा मी पदर खोचून त्याच्या घरी निघाले होते. मामांनी अडवलं. "गप. मोजणी पुरी हुईस्तवर कुनाला काय सांगायचं न्हाय. तुज्याच म्याडम म्हणल्या हुत्या." मॅडम असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण मामांनी कुठून तरी तसा नियम काढला होता आणि तो ते पाळत होते.

तिसरी फवारणी सप्टेंबरच्या शेवटी झाली. बारा हात मी ऐकले. संध्याकाळी मामा विळा-दोरी घेऊन वैरणीला गेले आणि मी सहज गोठ्यात डोकावले. खुंटीवर पंप नव्हता.

मी चिमणाबाईला कडेवर घेतलं आणि धावत सुटले. डोक्यात एकच, शेवटचा हंगाम, शेवटची फवारणी, आणि ह्या म्हाताऱ्याने पुन्हा केलं. काय काय बोलायचं ते मी वाटेत जुळवत होते. चाचांच्या शेडसमोरून जाताना त्यांनी हाक मारली.

"काय शोधतीस गं? पंप?"

मी थांबले. चाचांनी शेडच्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट दाखवलं. त्याला हाताएवढं कुलूप.

"आत हाय. सकाळी बारा हात झालं की पंप हितं आणून देतोय. तिन्ही टायमाला दिलाय. म्हणला, लालासाब, किल्ली तुज्यापाशी ठेव आनि मी रडलो तरी दिऊ नगंस."

"आणि मागायला येतात?"

"रोज सांजचं येतोय की. येतोय, कपाटाकडं बघतोय, दोन शिव्या देतोय. मी सोडा पाजून परत लावतो. आज दोन बाटल्या लागल्या." त्यांनी हात पुढे केले. "आण पोरीला हिकडं. तिकडं औषधाचा वास हाय."

चिमणाबाईला त्यांच्याकडे देऊन मी बांधावरून खाली उतरले. मामा तिसऱ्या तंबूसमोर उकिडवे बसले होते. विळा बाजूला पडलेला, वैरण कापलेलीच नव्हती. प्लास्टिकच्या आत भाताच्या काडीवरून तुडतुडे वर चढत होते आणि मामा त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"मागं सर, जवळ यिऊ नगंस," ते म्हणाले.

"घरी चला मामा."

"जातो. जरा बसतो. त्यास्नी बी बघू दे, आकाराम हितंच बसलाय आनि काय करत न्हाय."

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. कृष्णात होता, पाठीला बॅटरीचा पंप बांधलेला. "काय तात्या," तो तिथूनच ओरडला, "हात गेला जनू तुमचा! पार करपलं की!"

मी तोंड उघडणार, तर मामा उठून उभे राहिले. मला वाटलं आता कृष्णातचं काही खरं नाही. पण ते शांतपणे म्हणाले, "हात त्योच हाय, कृष्णात. औषध बी त्येच हाय. हवा बदलाय लागलीया. तुला बी कळंल, दम धर." कृष्णातला काही कळलं नाही. तो हसला आणि गेला. मामा खाली बसले आणि विळ्याने उगाच माती उकरत राहिले. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले. त्यांच्यासारखा सासरा जगात कुणाला नसेल, असं मला वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "आता आनि काय पायजे?"

तिसऱ्या दिवशी शेवटची मोजणी होती. मी नेहमीसारखी वाकायला गेले, तर मामांनी बाजूला केलं. "माझ्या हातनं जगल्यात," ते म्हणाले, "मीच मोजणार." त्यांनी चुडं हाताने बाजूला सारली, बुडाला चापट मारली आणि पाण्यावर पडलेला एकेक तुडतुडा मोठ्याने मोजायला लागले. लाभ, दोन, तीन, चार. पंधरा झाले. वीस झाले. पंचवीसला आवाज जरा बसला, पण थांबले नाहीत. रस्त्यावरून दोघं-तिघं बघत गेले. चाचा शेडच्या दारात चिमणाबाईला उचलून उभे होते आणि आजोबांचा आवाज ऐकून ती टाळ्या पिटत होती.

"एकेचाळीस," मामा म्हणाले आणि सरळ झाले. गुडघ्यांपर्यंत चिखल, टोपी तिरकी. "तिसरा तंबू, नातवंडाचा. एकेचाळीस जित्ती."

माझ्या हातातल्या वहीवर पाणी पडलं आणि आकड्यांची शाई पसरायला लागली.

"रडतीस काय," मामा म्हणाले. "लिव्ह की. पुसून गेलं तर परत मोजाय लागंल."